काळ्या रेघा

दवाखान्यात तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. डॉक्टर मावशी म्हणत, पेशंट मावशी म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी म्हातारी माणसंसुद्धा दारातून डोकावून "मावशी, डॉक्टर आले का गं?" असंच विचारत. अकरा वर्षं ती तिथं झाडत, पुसत, उकळत आणि जखमा बांधत आली होती. गावात डॉक्टर एक, दवाखाना एक आणि त्यात काम येणारं माणूसही एकच, असं लोक म्हणायचे. डॉक्टरांच्या तोंडावर म्हणायचे आणि डॉक्टरही हसायचे.

सकाळी सहाला ती मागचं दार उघडायची. त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येत होतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. आधी दोन पिंपं भरून घ्यायची, मग आदल्या दिवशीचे चिमटे, कात्र्या, टाक्यांच्या सुया ब्रशनं घासायच्या. साबणानं तिच्या नखांच्या कडा फाटल्या होत्या. घासलेली हत्यारं फडक्यात गुंडाळून पुडकी बांधायची, त्यांवर चिकटपट्टी लावायची आणि सगळं वाफेच्या मशीनमध्ये रचून झाकणाचे नट आवळायचे. मशीन कसलं, शेगडीवर बसवलेला पिंपाएवढा कुकरच तो. बाकावरचे पेशंट विचारायचे, "मावशी, आज काय शिजतंय?"

"तुझा दात उपटायचा चिमटा. वाढू का?"

बाकावर हशा व्हायचा. दुखणं घेऊन बसलेल्या माणसाला तेवढंच बरं वाटायचं.

त्या चिकटपट्टीची गंमत अशी होती, की ती असते फिकट पिवळी आणि तिच्यावर असतात पुसट तिरप्या रेघा. आत वाफ पुरेशी तापली की त्या रेघा काळ्याकुट्ट होतात. पूर्वी हे काम कंपाउंडर करायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं औषधांचं दुकान काढलं आणि जाता जाता, एक पाय दाराबाहेर ठेवूनच, मावशीला मशीन शिकवलं. "ध्यानात ठेव मावशी. पुडक्यावर काळ्या रेघा असल्या म्हणजे माल पक्का. काळ्या रेघा नसतील तर ते पुडकं डॉक्टरांच्या हातात द्यायचं नाही."

मावशीनं ते मनावर गोंदवून घेतलं. पण झालं असं, की चांगली काळी झालेली पट्टी उचकटून टोपलीत फेकायची हे तिच्या जिवाला पटेना. कच्ची होती तेव्हा जपली आणि पक्की झाली की फेकली, हा कुठला न्याय? पुडकं वापरायला सोडताना ती नखानं पट्टीचं टोक उचलायची आणि हलक्या हातानं अखंड सोडवून घ्यायची. मोरीवरच्या फरशीला ओळीनं चिकटवून ठेवायची. पुढं पाळी आली की तीच पट्टी नव्या पुडक्यावर. चिकटेनाशी झाली तर गोंदाचा एक थेंब. अशी एक पट्टी दहा-बारा वेळा चालायची, आणि दिवसाला चार-पाचच पुडकी असल्यानं कोरी पट्टी महिनोन्महिने लागत नसे. फरशीवर चाळीस-पन्नास पट्ट्या एका माळेत असायच्या आणि त्या बघून तिला स्वतःच्या संसाराची मांडणी बघितल्यासारखं बरं वाटायचं.

डॉक्टरांनी तिची तारीफही केली होती. "आमच्या मावशी असल्या की चिकटपट्टीचं एक बंडल वर्षभर पुरतं," असं ते औषधं घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला म्हणाले होते. कसं पुरतं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारतं कोण? घर नीट चालतं तेव्हा ते कसं चालतं हे कुणीच विचारत नाही.

उन्हाळा लागला आणि मशीनच्या झाकणाचं रबर ताठ झालं. कडेनं वाफ फुसफुसायला लागली. दाबाचा काटा अर्ध्यावरच थरथरत उभा राहायचा. मावशीनं ओलं फडकं पिळून झाकणाभोवती गुंडाळलं, नट आणखी आवळले आणि दुपारी डॉक्टरांच्या कानावर घातलं.

"डॉक्टर, मशीनचं रबर गेलंय. वाफ धरत नाही."

डॉक्टर एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून बसले होते. ते स्वतःही साठीकडे झुकलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. बाहेर तीस जण बसलेले. "मागवतो," ते म्हणाले. "पट्टीवर रेघा काळ्या दिसतात ना?"

"दिसतात की."

"मग चालू द्या."

यात कुणीही खोटं बोललं नव्हतं.

वैशाखवणवा पेटल्यासारखे दिवस सुरू झाले आणि टाके पिकायला लागले. सुताराच्या सुनेचा अंगठा कापला होता, तो सुजून वांग्याएवढा झाला. मास्तरांच्या पाठीवरचं गळू कापलं तर शेजारी दुसरं उठलं. पिठाच्या गिरणीवाल्याच्या पोटरीला चार टाके घातले आणि चारी टाक्यांतून पू आला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, जास्त जोराच्या दिल्या. "ऊन आहे, धूळ आहे, लोकांना अंघोळीला पाणी नाही, पिकणारच," असं ते म्हणायचे. लोकही तेच म्हणायचे. मावशी पिकलेल्या टाक्यांवर वाकून घाण पुसायची आणि दुप्पट घासायची. तिला वाटायचं, कमी पडतोय तो आपला हात.

अशातच तिच्या नवऱ्याच्या पायात खिळा गेला.

नवरा गवंडी होता. चांगला गवंडी, ओळंबा न लावता भिंत सरळ उचलणारा. गावाबाहेर गोदामाचं काम चालू होतं. तिथं पाडलेल्या फळीतला गंजका खिळा चप्पल फोडून टाचेच्या पुढं आत घुसला. त्यानं बसून खिळा उपसला, वर चिमूटभर सिमेंट दाबलं आणि संध्याकाळपर्यंत प्लास्टर केलं. घरी आला तेव्हा चप्पल रक्तानं चिकटली होती.

"अहो, लगेच नाही का यायचं दवाखान्यात?"

"लगेच आलो असतो तर ठेकेदारानं दुसरा गवंडी लावला असता. आणि घाई कशाला? दवाखाना माझ्या घरातच आहे की."

तिला रागही आला आणि आतून थोडं सुखही वाटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धनुर्वाताची सुई दिली आणि जखम थोडी उघडून साफ केली. "रोज बांधा, मावशी. तुम्हाला काय सांगायचं?" एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

ती रोज बांधू लागली. दुपारी पेशंट ओसरले की नवरा एका पायावर लंगडत यायचा आणि मागच्या दारानं आत शिरायचा. ती त्याचा पाय मांडीवर घ्यायची. तळव्याची कातडी सिमेंटनं खाऊन भेगाळलेली, बोटांच्या बेचक्यांत पांढरी धूळ. कोमट पाण्यानं ती सगळा पाय धुवायची आणि मग पुडकं निवडायची. फरशीवरच्या पट्ट्यांत सगळ्यांत काळी, सगळ्यांत ठळक रेघांची जी असेल, ती तिनं त्याच्या पुडक्यासाठी राखून ठेवली होती. घरच्या माणसासाठी माणूस एवढं करणारच. पुडकं सोडायचं, चिमट्यानं जाळीचं कापड धरायचं आणि जखमेच्या खोबणीत आत, अगदी तळापर्यंत घालून फिरवायचं. नवरा बाकाची कड घट्ट धरायचा.

"भिंतीत कपची बसवतेस का गं?"

"गप्प बसा. खोल साफ झाल्याशिवाय जखम भरत नाही."

आठ दिवसांनी जखम भरायच्या ऐवजी रुंदावली. कडा राखाडी झाल्या, तळव्याखालून घोट्याकडे लाल रेघ चढली. डॉक्टरांनी दारातूनच बघून त्यालाही जोराच्या गोळ्या दिल्या आणि ती सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा बांधायला लागली. नवऱ्याला आता परांचीवर चढता येईना. ठेकेदारानं त्याला खाली बसवून विटा भिजवायला लावल्या. वीस वर्षं ज्याच्या हाताखाली गडी राबले, तो माणूस बादलीत विटा बुडवून दुसऱ्यांच्या हातात देत बसला. त्याच्याच हाताखाली शिकलेला एक जण वरून ओरडला, "काका, लवकर हलवा हात!" घरी येऊन त्यानं हे हसत हसत सांगितलं आणि जेवला नाही.

त्याच आठवड्यात वरून कागद आला. गावोगावच्या खासगी दवाखान्यांची दर्जा आणि सुरक्षिततेची तपासणी होणार होती. कागदावर नव्वद कलमं होती. हात धुवायची जागा, कचऱ्याच्या रंगीत बादल्या, औषधांच्या तारखा, हत्यारांचं निर्जंतुकीकरण. नापास झालं तर टाके घालायच्या खोलीला कुलूप. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भिंतींना रंग काढला, तीन रंगांच्या बादल्या आणल्या, मुदत संपलेल्या बाटल्या पोत्यात भरून बाहेर काढल्या. रबर मात्र शहरातून आलं नव्हतं.

"मावशी, त्या बाई विचारतील ते बेधडक सांगायचं. घाबरायचं नाही. तुमच्याएवढं स्वच्छ काम या भागात कुणाचं नाही."

"मी कशाला घाबरू? मी काय चोरी केली?"

तपासणीच्या बाई आल्या त्या दिवशी अंगाची लाही होत होती. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, हातात पाटीला लावलेले कागद. चहासुद्धा नको म्हणाल्या. डॉक्टर त्यांच्या मागे मागे फिरत होते. बाक भरलेला होता आणि सगळे कान टवकारून बसले होते. बादल्या पाहिल्या, खूण केली. औषधं पाहिली, खूण केली. मग त्या मागच्या खोलीत आल्या आणि मशीनपाशी थांबल्या. झाकणाभोवतीचं फडकं त्यांनी दोन बोटांनी उचललं.

"हे कशाला?"

"रबर गेलंय ना, बाई. मागवलंय. पण काम अडू दिलं नाही मी."

"वाफ गळते, तर आतली हत्यारं नीट निर्जंतुक होतात हे तुम्हाला कसं कळतं?"

याच प्रश्नाची मावशी वाट बघत होती. तिनं पुडकं पुढं केलं. "रेघा बघा. काळ्याभोर आहेत."

बाईंनी पुडकं हातात घेतलं. पट्टीवरून अंगठा फिरवला. कडेला गोंद सुकून पिवळा झाला होता. त्यांनी वर पाहिलं, मोरीवरच्या फरशीकडे. तिथं ओळीनं पट्ट्या.

"या काय आहेत?"

"त्या पक्क्या झालेल्या पट्ट्या. मी टाकत नाही एकही. एक पट्टी दहा-दहा वेळा वापरते," मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता. देवाशपथ, अभिमान होता.

 बाईंनी टेबलावरचं बंडल घेतलं, कोऱ्या पट्टीचा एक तुकडा फाडला आणि नवीन पुडक्यावर लावला. "हे मशीनमध्ये ठेवा. रोज जसं करता तसंच करा."

अर्धा तास सगळे तिथं उभे राहिले. वाफ फुसफुसली, काटा अर्ध्यावर थरथरला. मावशीनं नट सोडले, पुडकं काढलं. पट्टीवरच्या रेघा आधी होत्या तशाच, पुसट पिवळ्या.

"मावशी," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही पट्टी तुम्हाला सांगते, की आज आत पुरेशी वाफ झाली की नाही. एकदा काळी झालेली पट्टी पुन्हा लावली, तर ती काय सांगणार? ती आधीच काळी आहे. मशीन कधी बिघडलं ते हिनं त्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्ही तिला बोलूच दिलं नाहीत."

मावशीनं ऐकलं. एक एक शब्द कळला. आणि मग तिला दिसला तो नवऱ्याचा पाय, स्वतःच्या मांडीवरचा.

"रबर जाऊन किती दिवस झाले?"

"तीन महिने." हे तिच्याच तोंडून आलं, पण आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

डॉक्टर दारात उभे होते. बाकावरची माणसं त्यांच्या मागे दाटली होती. डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मावशी! हे काय केलंत? अकरा वर्षं सांगतोय तुम्हाला, कुठलीही वस्तू पुन्हा वापरायची नाही म्हणून!"

असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. रबराचं बोलावं, बंडलाच्या तारिफेचं बोलावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण मागे गिरणीवाला दिसत होता, पोटरीला फडकं बांधलेला. 

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. माझीच अक्कल."

खोलीला कुलूप लागलं. बाईंनी बाहेरच्या टेबलावर कागद मांडला आणि म्हणाल्या, की तीन महिन्यांत ज्यांना हत्यार लागलं त्या सगळ्यांची यादी हवी. त्यांचं रक्त तपासावं लागेल. डॉक्टरांची वही अर्धी भरलेली, अर्धी कोरी होती. गर्दीत लिहायला सवड कुठली? तेव्हा मावशी बोलायला लागली. तिला सगळे पाठ होते.

"सुताराची सून, उजवा अंगठा. मास्तर, पाठ. गिरणीवाला, पोटरी. धोब्याची आई, दात. पोस्टातले साहेब, कानामागची गाठ. नळावरच्या घरातली बाळंतीण, तिला टाके घातले. ड्रायव्हर, भुवई. मेंढपाळाचा भाऊ, कुत्रं चावलेलं, हात..."

 एकेकाचं अंग तिला आठवत होतं, कुठं कापलं, कुठं शिवलं, कोण ओरडलं, कोणी आपला हात धरला. एकोणचाळीस झाले. बाकावरच्यांत तिघं त्या यादीतली होती. धोब्याची आई हळूच गालाला हात लावून बघत होती. गिरणीवाला एकच वाक्य बोलला, "मावशी, तुझ्यावर डोळे मिटून पाय सोडला होता गं," आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या.

"चाळिसावा?" बाईंनी विचारलं, कारण मावशी पुढचं नाव ओठांवर आणून थांबली होती.

"माझा नवरा. डावा पाय. दिवसातून दोनदा."

बाईंचं पेन थांबलं. "आत्ता कुठं आहेत ते?"

गवंडी गोदामाच्या कामावर विटांच्या ढिगाला टेकून बसला होता. अंगात फणफणून ताप, डोळे लाल. बादलीतल्या पाण्यात त्यानं पाय सोडला होता, गार वाटतं म्हणून. पायाचा वास दहा पावलांवरून येत होता. तपासणीच्या बाईंनी आपल्याच गाडीत त्याला घातलं. ठेकेदार म्हणाला, "गाडी खराब होईल तुमची, खाली पोतं टाका." पोतं टाकलं. मावशी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पायाकडे बसायचा तिला धीर झाला नाही.

मोठ्या इस्पितळात तीन दिवस सलाईन चालली. चौथ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. विष वर चढतंय, गुडघ्याखाली कापावं लागेल, नाहीतर माणूस जाईल. सही तिलाच करायची होती. सही करताना तिनं विचारलं, "हे कशानं झालं, बाई?"

"गंजका खिळा, उशीर, त्यात रक्तात साखर निघाली आहे. नेमकं कशानं, हे कुणी सांगू शकत नाही."

त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. पण मावशीला त्या वाक्याचा आधार घेता येईना. नेमकं सांगता येत नाही म्हणजे तिचं नाही, असंही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी गावचे डॉक्टर आले. हातात फळांची पिशवी होती. ते भिंतीशी उभे राहिले. मग कुजबुजले, "रबराचं तुम्ही सांगितलं होतंत. मला आठवतंय."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही म्हणालात?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दवाखाना बंद झाला तर या लोकांनी जायचं कुठं, मावशी?"

"हेच मी पण म्हणत होते स्वतःला. काम अडायला नको, काम अडायला नको." तिनं पिशवी घेतली नाही. ते पिशवी खुर्चीवर ठेवून गेले.

पाय गेला. गवंडी दोन दिवस गुंगीत होता. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि चादरीखाली जिथं काही नव्हतं तिकडं बघत राहिला. मग माणसासारखा माणूस, बोलायला लागला. शेजारच्या खाटेवर पाठ मोडलेला एक ट्रकवाला होता, त्याला सांगायला लागला, "बायको दवाखान्यात आहे माझी. दिवसातून दोनदा स्वतःच्या हातानं साफ करायची. तिनं केलं म्हणून गुडघा तरी वाचला, नाहीतर मी कधीच गेलो असतो."

ट्रकवाला म्हणाला, "नशीबवान आहेस बाबा."

मावशी खाटेखालचं भांडं उचलत होती. ती तशीच वाकलेली राहिली. हे असंच चालू राहिलं असतं. गावात कुणी ना कुणी त्याला सांगितलंच असतं, पण ते महिन्यानं, दोन महिन्यांनी. तोवर तो असाच चार लोकांत तिचं कौतुक करत फिरला असता, कुबड्या घेऊन. ती उभी राहिली.

"अहो. माझ्या हातांनी नाही वाचला. माझ्या हातांनी गेला."

"काय बरळतेस?"

तिनं सांगितलं. मशीन, रबर, पट्ट्या, तीन महिने, चाळीस माणसं. काहीही गाळलं नाही. त्याच्यासाठी सगळ्यांत काळी पट्टी राखून ठेवायची, हेही सांगितलं. ट्रकवाल्यानं तोंड दुसरीकडे केलं. गवंडी ऐकत होता. भिंत कुठं वाकली ते बघताना जसा एक डोळा बारीक करायचा, तसा बारीक करून तिच्याकडे बघत होता.

"आत खोल घालायचीस," तो शेवटी म्हणाला. "मी म्हणायचो, दुखतंय. तू म्हणायचीस, गप्प बसा."

"हो."

"आणि मी गप्प बसायचो."

ती रडली असती तर बरं झालं असतं, पण रडू येईना. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली. "आजीबाई, जरा पाय धरा यांचा, बांधायचंय."

"हिला बाहेर पाठवा," गवंडी भिंतीकडे बघतच म्हणाला.

मावशी बाहेर गेली. व्हरांड्यात बाकावर बसली. आतून त्याचं ओरडणं ऐकू आलं. असा तो तिच्यासमोर कधी ओरडला नव्हता, एकदाही नाही. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पाच दिवस असंच. तो तिच्याशी बोलला नाही. डबा ठेवला तर जेवायचा, पाणी दिलं तर प्यायचा. बांधायची वेळ झाली की ती आपणहून बाहेर जायची. गावाहून कळलं की यादीतल्या बत्तीस जणांचं रक्त तपासून झालंय आणि नळावरच्या घरातली बाळंतीण इस्पितळात ताप घेऊन पडली आहे. मावशी जिना उतरून तिच्या वॉर्डात गेली. बाळंतिणीच्या सासूनं तिला दारातूनच ओळखलं आणि पडदा ओढून घेतला.

सहाव्या दिवशी नर्सनं व्हरांड्यात येऊन हाक मारली. "उद्या सोडणार आहेत यांना. घरी रोज दोन वेळा बांधावं लागेल, महिनाभर तरी. घरात कोण कोण आहे?"

"आम्ही दोघंच."

"मग आत या, शिकून घ्या. तुम्ही तर दवाखान्यातल्या ना? तुम्हाला येतच असेल सगळं."

मावशी आत आली. गवंडी उशीला टेकून बसला होता. चादर कमरेपर्यंत ओढलेली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"नाही येत मला," मावशी म्हणाली. "मला काहीही येत नाही, असं समजून पहिल्यापासून सांगा. हात धुण्यापासून सांगा."

नर्सनं तिच्याकडे नवलानं पाहिलं, मग खोलीतल्या नळाकडे बोट दाखवलं. कोपरापर्यंत, बोटांच्या मधे, नखांखाली, अंगठ्याभोवती, ती सांगत गेली. मावशी शाळेतल्या पोरीसारखी तसं तसं करत गेली. फाटलेल्या कातडीला साबण झोंबत होता. पाणी बंद करून, हात वर धरून, ती खाटेपाशी येऊन उभी राहिली. गवंड्याची चादरीवरची मूठ सुटली नाही.

"परत धू," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. ती नळाकडे गेली. परत कोपरापर्यंत, परत नखांखाली. खाटेवरून तो डोळा न हलवता बघत होता. आली, उभी राहिली.

"परत."

 मावशीनं तिसऱ्यांदा धुतले. हातांवर लाल चट्टे उठले होते. ती खाटेपाशी आली आणि हात वर धरून उभी राहिली. तो आणखी एकदा म्हणाला असता तर ती आणखी एकदा गेली असती, दिवसभर गेली असती.

त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, वरून खाली, खालून वर, बराच वेळ. मग स्वतःच चादर बाजूला केली आणि डोळे मिटून खाटेची कड घट्ट धरली.

"दुखलं तर मी ओरडणार आहे," तो म्हणाला.

"ओरडा," ती म्हणाली.